साहेब, हातोडी चुकीची धरलीय

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी बाल्टिमोरच्या पश्चिम भागात दर शनिवारी घरं बांधायला जातो त्याबद्दल दोन पानं लिहिली होती. नव्या वाचकांसाठी एवढी ओळख पुरे: सार्वजनिक बांधकाम खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, २०१६ मध्ये उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. गेली चार वर्षं लेकीकडे, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात, कोलंबिया नावाच्या गावी असतो. संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला. त्यातली निम्मी जावई कुठे नोकरीला आहे हे विचारणारी होती, ती बाजूला ठेवली. उरलेल्यांपैकी काहींना उत्तरं देतो.

साहेब, मासिकातला फोटो बघितला. तुम्ही हातोडी मुंडक्याजवळ धरलीय. अशानं खिळा वाकतो आणि मनगट धरतं. तुम्ही आमच्या कामावर यायचा तेव्हा आमच्या दहा चुका काढायचा, म्हणून धाडस करून लिहिलं. राग मानू नये.
— एक निवृत्त सुतार मिस्त्री, कोरेगाव

मिस्त्री, राग कसला? बरोबर पकडलंत. नोकरीत आरोग्य केंद्रं केली, शाळाखोल्या केल्या, एक विश्रामगृह केलं. मोजमाप पुस्तकात सह्या किती ठोकल्या त्याचा हिशेब नाही. पण खिळा एकही ठोकला नाही. ओळंबा तुम्ही सोडायचा आणि मी एक डोळा मिटून “जरा डावीकडे” म्हणायचो. काम संपल्यावर चहा पहिला मला यायचा.

इथं पहिल्या शनिवारी चोवीस वर्षांची एक मुलगी सुपरवायझर होती. मी सिव्हिल इंजिनिअर आहे हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं मान डोलावली, माझ्या हातातली हातोडी काढून घेतली, दांड्याच्या शेवटाला धरून एक खिळा तीन ठोक्यांत बसवला आणि हातोडी परत दिली. तोंडानं एक शब्द नाही. फोटो त्याच महिन्यातला आहे. आता दांडा शेवटाला धरतो. सहातला एक खिळा तरी अजून वाकतोच.

तुमच्यासाठी आणखी एक प्रश्न आहे, तो सगळ्यात शेवटी विचारतो.

ही घरं गरिबांना फुकट मिळतात का? म्हाडासारखी सोडत असते का? आणि तुम्ही सगळे फुकट राबता म्हणून ती स्वस्त पडतात, असंच ना?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, फुकट नाही, सोडतही नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण तिथं माझाही गैरसमज होता.

ही पद्धत ज्या संस्थेनं रुजवली ती हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस नावाच्या लहानशा गावात मिलर्ड आणि लिंडा फुलर या नवरा-बायकोनं ती सुरू केली. मिलर्ड हे वकील, धंद्यात तरुणपणीच लक्षाधीश झालेले. मग पैसा वाटून टाकून जवळच्या कॉइनोनिया नावाच्या शेतावर जाऊन राहिले. गोरे आणि काळे एका पंगतीला बसणं तिथल्या समाजाला खपत नव्हतं, त्या काळात ते शेत गोरे-काळे मिळून कसत होते. घराची कल्पना तिथली: घर विकायचं, पण नफा घ्यायचा नाही आणि कर्जावर व्याज घ्यायचं नाही. हप्त्यांतून परत आलेल्या पैशात पुढच्याचं घर.

माणूस निवडताना तीन गोष्टी बघतात. आत्ताचं घर खरोखर राहण्याजोगं नाही ना, हप्ता झेपेल एवढी नियमित मिळकत आहे का, आणि स्वतः राबायची तयारी आहे का. ही तिसरी अट आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. आमच्या भागात तिला सावड म्हणतात. आज तुमच्या रानात मी, उद्या माझ्या रानात तुम्ही. घर मिळणाऱ्यानं साधारण दोनशे ते पाचशे तास द्यायचे, शाखेप्रमाणे आकडा बदलतो. स्वतःच्या घरावर द्यायचेच, पण आधी दुसऱ्याच्या घरावरही. माझ्याबरोबर रंग देणारी बाई ज्या घराला रंग देत होती ते तिचं नव्हतंच. तिचं अजून छपराविना उभं होतं.

आता स्वस्ताईचं. आम्हा शनिवारच्या माणसांमुळे घर फार स्वस्त होतं, हा भ्रम आहे. मजुरी वाचते खरी, पण आमच्या मागं सुपरवायझर लागतो, आमचा विमा लागतो, आणि आम्ही वाया घालवलेला माल वेगळाच. कुशल टोळी जे दोन दिवसांत करेल त्याला आम्ही तीन शनिवार घेतो. हिशेबाला सवय म्हणून मी एकदा कागद घेऊन बसलो. समजा दीड लाख डॉलरचं कर्ज, तीस वर्षांचं. सात टक्के व्याजानं महिन्याचा हप्ता पडतो हजाराच्या जवळ. बिनव्याजी असेल तर ४१७. तीस वर्षांत दोन लाखांहून जास्त डॉलरचं व्याज वाचलं, म्हणजे मुद्दलाहून जास्त! घर स्वस्त करतो तो हा कागद. आता काही शाखा थोडं व्याज लावतात, पण घराचा एकूण खर्च मिळकतीच्या तीस टक्क्यांच्या आसपास राहावा हे धोरण तेच. आणि घर लगेच विकून नफा खिशात घालता येत नाही. बहुतेक ठिकाणी तशी दुसरी तारण-नोंद करून ठेवलेली असते.

मग आम्ही कशाला जातो? घर ज्याला मिळणार तो माणूस आणि उपनगरातून गाडी घेऊन आलेला माणूस एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहतात, एवढं तरी होतं. कोलंबियाहून बाल्टिमोरचा हा भाग अर्ध्या तासावर आहे. लेकीच्या ओळखीच्यांपैकी वीस-वीस वर्षं इथं राहणारे लोक तिकडं एकदाही गेलेले नाहीत.

काका, आमच्या माण तालुक्यात वॉटर कपच्या वेळी आम्ही श्रमदान करून बांध घातले. दीड महिना गाव राबलं. मग त्याच गावात पडक्या घरात राहणाऱ्या म्हातारीचं घर बांधायला दहा माणसं का येत नाहीत?
— एक विद्यार्थी, दहिवडी

तुझा प्रश्न सगळ्या पत्रांत मला जास्त आवडला आणि याचंच उत्तर मला नीट देता येत नाही.

बांध सगळ्यांचा असतो. पाणी मुरलं की माझ्याही विहिरीला येणार हे माणसाला दिसतं. घर एकाचं असतं. तिथं पहिला सवाल येतो, “हिलाच का? माझं का नाही?” आणि दुसरा येतो, “हिचा पुतण्या मुंबईत कमावतो, तो का नाही बघत?” या दोन सवालांनी हातातली कुदळ खाली पडते. इथंही तेच सवाल आहेत, इथली माणसं काही देव नाहीत. फरक एवढाच की कुणाचं घर हे ठरवणारी समिती वेगळी, निकष छापील, आणि घर घेणारा पैसे भरतो. त्यामुळे राबणाऱ्याला आपण उपकार केल्याची आणि घेणाऱ्याला आपण ओशाळे झाल्याची भावना जरा कमी राहते. तुमच्या गावात इर्जिक घालायचे तेव्हा ज्याचं रान तो जेवण घालायचाच ना? ते जेवण महत्त्वाचं होतं. घेणाऱ्याकडूनही काहीतरी जायला लागतं.

म्हातारीकडे तेवढंही नसेल तर? तिला कर्ज कोण देणार? तिथं ही अमेरिकन पद्धतही थांबते, हे कबूल करतो. तिच्यासाठी सरकारी घरकुल योजनाच. तू एकदा ग्रामपंचायतीत जाऊन तिचं नाव यादीत आहे का बघ, आणि जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे तेही बघ. बहुधा तिथंच घोडं अडलेलं असेल.

बाल्टिमोरमध्ये एका डॉलरला घर मिळतं असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?
— एक वाचक, नाशिक

खरं आहे, आणि घेऊ नका.

१९७० च्या दशकात या शहरानं ताब्यात आलेली पडकी घरं एका डॉलरला दिली होती. अट ही, की घर दुरुस्त करायचं आणि स्वतः राहायचं. बंदराजवळचा ऑटरबाइन नावाचा भाग त्यातून पुन्हा उभा राहिला. २०२४ मध्ये शहरानं पुन्हा तशी योजना आणली, शहराच्या मालकीच्या दोनशेच्या वर रिकाम्या घरांसाठी. पण घेणाऱ्याकडे दुरुस्तीसाठी ९० हजार डॉलरची सोय आहे हे दाखवावं लागतं, आणि तिथं राहायचं असतं.

एका डॉलरला मिळतं काय ते सांगतो. इथली घरं म्हणजे एकमेकींना चिकटून उभ्या विटांच्या ओळी. रुंदी बारा-चौदा फूट. आपल्या वाड्याच्या भाषेत तीन खणांचं घर, मागं लांबत गेलेलं, दोन किंवा तीन मजली. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी तुळया. छप्पर जवळजवळ सपाट, मागच्या बाजूला उतार. घर रिकामं पडलं की पहिलं छप्पर गळतं. पाणी तुळयांच्या भिंतीत गेलेल्या टोकांत मुरतं, टोकं कुजतात, मजले एकावर एक बसतात. मी ज्या पहिल्या घरात शिरलो तिथं तळमजल्यावर उभं राहून वर आभाळ दिसत होतं. दर्शनी भिंत मात्र ताठ, आणि पुढं संगमरवरी पायऱ्या. जवळच्याच कॉकीजव्हिलच्या खाणीतला पांढरा दगड आहे तो. कामगारांच्या वस्तीत संगमरवरी पायऱ्या, आणि दर शनिवारी बायका त्या घासून लख्ख करायच्या, हा या शहराचा जुना डौल.

अशा घराची दुरुस्ती नवीन घराएवढी पडते. समजा अडीच लाख डॉलर घातले आणि त्या गल्लीत घराला भाव दीड लाखच येतो. वरचे एक लाख कोण भरणार? बँक भरत नाही, बिल्डर भरत नाही. घर रिकामं राहतं, आणि सामाईक भिंतीतून त्याची ओल शेजारच्या चांगल्या घरात शिरते. संस्था, देणगीदार, सरकार हे सगळे मिळून तो मधला खड्डा भरतात. मेसेज पाठवणाऱ्याला एवढं कळवा.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. मालक मेलेला, वारस पाच राज्यांत, नोंद कुणीच लावलेली नाही. वर बाल्टिमोरची खासियत अशी की पुष्कळ घरांखालची जमीन तिसऱ्याच माणसाच्या मालकीची असते आणि घरमालक त्याला वर्षाला थोडं भुईभाडं भरत असतो. ९९ वर्षांचा पट्टा. नवीन भुईभाडं लावायला २००७ मध्ये कायद्यानं बंदी आली, जुनी अजून चालू आहेत. तलाठी कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसाला इथं घरच्यासारखं वाटेल.

मी पाहुणा म्हणून सहा महिने मुलाकडे येणार आहे. मला असं काम करता येईल का?
— सेवानिवृत्त शिक्षक, मिरज

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. तुमच्या व्हिसावर चालेल का हे संस्थेला आणि मुलाला आधी विचारून घ्या. चालत असेल तर जाड तळाचे बूट आणि वाचायचा चष्मा दोरीनं गळ्यात. हेल्मेट ते देतात. डबा न्या, दुपारी सँडविच असतं, आणि तेही थंडगार.

आम्ही लालबागचे. इथं दहा बाय बाराच्या खोलीसाठी भाऊ भाऊ कोर्टात आहेत आणि तुम्ही म्हणता तिकडं ओळीच्या ओळी ओस. असं कसं? आणि इतकी वर्षं इतके लोक घरं बांधतायत तर वस्ती का सुधारत नाही?
— गिरणी कामगाराचा मुलगा, मुंबई

गिरण्या बंद पडल्या तेव्हा तुमच्याकडं माणसं हलली, पण खालची जमीन सोन्याची झाली. इथं काम गेलं आणि त्याबरोबर जमिनीचा भावही गेला. बंदरालगत स्पॅरोज पॉइंटला बेथलेहेम स्टीलचा पोलाद कारखाना होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथं तीस हजारांवर माणसं कामाला होती. कारखाना खंगत खंगत गेला, मालक बदलले, २०१२ मध्ये भट्ट्या थंड झाल्या. १९५० मध्ये शहरात साडेनऊ लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत ५ लाख ८५ हजार. घरं तेवढीच, माणसं नाहीत.

पण सगळ्यांना सारखं जाता आलं नाही. १९१० मध्ये एका कृष्णवर्णीय वकिलानं मॅककलो स्ट्रीटवर गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, तर शहरानं कायदाच केला: गोऱ्यांच्या गल्लीत काळ्यांनी राहायचं नाही, काळ्यांच्या गल्लीत गोऱ्यांनी. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं शहर. १९१७ मध्ये दुसऱ्या एका शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असले कायदे रद्द केले. मग १९३० च्या दशकात सरकारी नकाशे आले. ज्या वस्त्या तांबड्या रंगवल्या तिथं कर्ज धोक्याचं. काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या तांबड्या. ज्याला कर्ज मिळालं तो उपनगरात गेला, नाही मिळालं तो राहिला, आणि भाड्यानं राहिला. आपल्याला गावकुसाबाहेरचं ठाऊक आहे. इथं ते कूस नकाशावर रंगानं आखलेलं होतं.

आता तुमचा दुसरा सवाल. पश्चिम बाल्टिमोरला सँडटाउन-विंचेस्टर नावाचा भाग आहे, ७२ चौकांचा. १९९० च्या दशकात महापौर कर्ट श्मोक आणि जेम्स राउस या दोघांनी तो पूर्ण पालटून टाकायचं मनावर घेतलं. राउस म्हणजे आमचं कोलंबिया गाव १९६७ मध्ये वसवणारा बांधकाम व्यावसायिक. काळे-गोरे, गरीब-श्रीमंत एकत्र राहावेत या हेतूनं त्यानं शेतजमिनीवर अख्खं गाव उभं केलं, आणि म्हातारपणी जुन्या शहराकडे वळला. सरकारी-खासगी मिळून १३ कोटी डॉलरहून जास्त पैसा सँडटाउनला लागला. नवीन घरं झाली. हॅबिटॅटच्या स्थानिक शाखेनं जुनी शेकडो घरं दुरुस्त केली. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९९२ मध्ये बाल्टिमोरला हातोडी घेऊन आले होते. आणि एप्रिल २०१५ मध्ये याच सँडटाउनमधला पंचवीस वर्षांचा फ्रेडी ग्रे पोलिसांच्या गाडीत जखमी होऊन मेला, आणि पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान जळताना जगानं पाहिलं.

मग पैसा पाण्यात गेला का? पुष्कळांनी तसं लिहिलं. मला तसं वाटत नाही, पण त्यांना उत्तर देणंही सोपं नाही. घरं झाली, कामधंदा आला नाही. नव्या घराच्या हप्त्यासाठी नोकरी लागते आणि नोकरी दोन बस बदलून उपनगरात. एका ओळीतली चार घरं नीट केली, मधलं पाचवं गळतंच राहिलं. मी बांधकामाचा माणूस, मला प्रत्येक दुखण्यावर भिंतच सुचते. त्या मोहात मी एकटाच नव्हतो, एवढंच म्हणतो. ज्या घरांत मालक टिकले त्यांच्या पायऱ्या अजून घासलेल्या दिसतात. शेजारी खिडक्यांना फळ्या मारलेलं घर असतं.

भीती वाटते का, असं तिघांनी विचारलंय. वाटायची. आता मला पार्किंगची जास्त भीती वाटते.

लाकडाचा सांगाडा आणि पुठ्ठ्यासारख्या भिंती! आपल्या आरसीसीपुढं हे टिकणार का? आणि अकुशल माणसांनी केलेल्या कामाची जबाबदारी कोण घेतं?
— कनिष्ठ अभियंता, नांदेड

बाहेरची वीट शंभर वर्षांची आहे, ती आपल्या दोघांनंतरही राहील. आत सोळा इंचांवर लाकडाचे उभे दांडे, त्यावर जिप्समचे तक्ते, सांध्यांवर पट्टी आणि लेप. वायरिंग, नळ, गॅस हे परवानाधारकच करतात, आम्हाला हात लावू देत नाहीत. भिंत बंद करायच्या आधी शहराचा निरीक्षक येऊन आतलं सगळं बघतो. त्याची सही नसेल तर तक्ता चढत नाही. तो चहा घेत नाही. मी पहिल्यांदा विचारला होता.

पण जुन्या घरात खरी काळजी सांगाड्याची नसते, रंगाची असते. जुन्या तैलरंगात शिसं घालायचे. बाल्टिमोरनं घराच्या आत तो रंग वापरायला १९५१ मध्येच बंदी घातली, देशानं १९७८ मध्ये. तरी आधीचे थर भिंतींवर आहेतच. रंगाचे पोपडे पडतात, खिडकी वरखाली करताना भुकटी उडते, रांगतं मूल बोटं तोंडात घालतं. रक्तात शिसं गेलं की मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. वर ज्या फ्रेडी ग्रेचं लिहिलं, त्याच्या आणि त्याच्या बहिणींच्या रक्तात लहानपणी शिसं सापडलं होतं. २००८ मध्ये त्यांनी भाड्याच्या घराच्या मालकावर दावा लावला होता. म्हणून तोडफोडीच्या वेळी आम्हाला आत सोडत नाहीत. शिकलेली माणसं मुखवटे घालून ते काम करतात, घर स्वच्छ होतं, मग आम्ही.

नोकरीत मी अंदाजपत्रकात रंगाची बाब शेवटी, न वाचता धरायचो. दर चौरस मीटरचा दर बघायचो, बस्स.

जिमी कार्टरच्या आई आमच्या विक्रोळीत राहत होत्या, हे तुमच्या लेखात यायला हवं होतं.
— एक वाचक, विक्रोळी

हवं होतं. चुकलं.

लिलियन कार्टर पेशानं परिचारिका. ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या, तो १९६६ चा शेवट. विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात त्यांनी काम केलं आणि १९६८ मध्ये परत गेल्या. तेव्हा त्या कुणा राष्ट्राध्यक्षाच्या आई नव्हत्या, जॉर्जियातल्या भुईमूगवाल्याच्या विधवा होत्या. मी ६७ वर्षांचा आहे. मी उलट्या दिशेनं आलो, तेही लेकीच्या घरात एसीखाली राहायला. तुलना नको.

त्यांच्या मुलानं, जिमीनं, राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर १९८४ मध्ये माणसांची बस भरून न्यूयॉर्क गाठलं आणि मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात सहा मजली पडक्या इमारतीत १९ कुटुंबांची घरं करायला हात लावला. तेव्हापासून तो वर्षाला एक आठवडा घरं बांधत राहिला, पार नव्वदी ओलांडेपर्यंत. २००६ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला आला, पत्नी रोझलिन बाईंसह. एका आठवड्यात शंभर घरं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. मळवली काही लांब नाही, तरी गेलो नाही. पेपरात तिथं आलेल्या ब्रॅड पिट या हॉलिवूडच्या नटाचा फोटो बघून कँटीनमध्ये म्हणालो होतो, “आठवडाभराची नौटंकी.” त्या टेबलावरचे दोघे हे मासिक वाचतात, म्हणून लिहून टाकलं.

ज्यांना घर मिळालं त्यांच्याशी पुढं संबंध राहतो का? की किल्ली दिली आणि विसरलं?
— एक वाचक, सांगली

बहुतेकांशी नाही. किल्ली देतात त्या दिवशी छोटा समारंभ होतो, रडारड होते, केक असतो, आणि आम्ही पुढच्या घरावर जातो.

एका घराशी मात्र राहिला, आणि त्याला कारण माझी चूक. रुग्णालयात मदतनीसाचं काम करणारी एक बाई आणि तिची दोन मुलं त्या घरात राहतात. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची चौकट मी बसवली होती. पाणसळ लावून बघायला सांगितलं होतं. मी डोळ्यानंच बघितलं. ३४ वर्षं डोळ्यानं बघूनच “ठीक आहे” म्हणत आलो होतो. थंडीत दार बरं चालतं. जून लागला, हवा दमट झाली, की ते वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासतं आणि मुलगा आत अडकतो. ती संस्थेला फोन करत नाही, मला करते. “तुमचं दार रुसलंय” अशा अर्थाचं काहीतरी म्हणते आणि मी जातो. गेलो की मला बसवून ठेवते आणि मक्याची भाकरी म्हणावी तसा एक पदार्थ खाऊ घालते. तिच्या धाकट्याला मी ओळंबा दाखवला. दोरीला बांधलेलं वजन सरळ खालीच का जातं, यावर त्यानं मला अर्धा तास पिळलं.

तर मिस्त्री, आता तुमच्याकडचा प्रश्न. दार कुलपाच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात घासतंय, साधारण दोन सूत. गेल्या वर्षी मी रंधा मारला. हिवाळ्यात तिथं फट दिसायला लागली, बाई काही बोलली नाही पण मला दिसली. आता पुन्हा रंधा मारू नये असं वाटतं. खालच्या बिजागरीमागं पुठ्ठ्याची पट्टी घालून दार वरून मागं ओढावं, की सरळ चौकट उखडून पुन्हा ओळंब्यात बसवावी? चौकट काढली तर भोवतीचा तक्ता आणि रंग दोन्ही जातील. शनिवारी जाणार आहे. त्याआधी कळवा, फोन नंबर संपादकांकडे आहे.